धूर जातो कुठं

पौष लागला की साताऱ्याच्या बाजारात नवा गूळ येतो. दुकानदार ढेप फोडतो, तिचा किंचित धुरकट वास सुटतो आणि माझा हात नकळत छातीवर जातो. दुखत काही नसतं. सत्तरी गाठली तरी माझी छाती ठणठणीत आहे, जिने चढून मी गच्चीवर कपडे वाळत घालते. पण शरीराची आठवण मनापेक्षा पक्की असते. त्या वासासरशी त्याला कृष्णाकाठचा एक हिवाळा आठवतो, आणि मग मलाही.

मी माहेरची म्हसवडची. वडिलांची जमीन कोरडवाहू. बाजरी आली तर आली, नाहीतर माळावर मेंढरं होतीच. आमच्याकडे हवा म्हणजे मोकळं रान. उन्हाळ्यात धुळीच्या वावटळी उठत, डोळ्यांत, भाकरीत, अंथरुणात माती जाई. पण ती माती झटकली की जायची. दम लागणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळेच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो. तिथे दिवसभर धुळीत बसूनसुद्धा मी संध्याकाळी गाणी म्हणत घरी यायचे.

दुष्काळ सरला आणि माझं लग्न झालं. नवरा हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. तोंडावर मी 'अहो' म्हणत असले, तरी मनातल्या मनात मीही त्यांना मास्तरच म्हणायचे, अजूनही म्हणते. पहिल्यांदा त्या गावात उतरले तेव्हा हिरव्या रंगाचं मला भयच वाटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस. क्षितिज नाहीच. मी मास्तरांना विचारलं, "इथं माणसं लांबचं बघत्यात कसं?" ते हसले. म्हणाले, "लांबचं बघायला लागतच नाही त्यांना. सगळं जवळच उगवतं."

आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा सुभेदारांच्या मळ्याच्या कडेला होती. सुभेदार म्हणजे लष्करातून पेन्शनीवर आलेले एक उंच, ताठ गृहस्थ. मिशा पांढऱ्या, चालणं परेडचं. परत आल्यावर त्यांनी चिंचेच्या झाडाशेजारी गुऱ्हाळ घातलं होतं आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा ऊसही पाळीपाळीनं तिथे गाळला जाई. पहिल्या हिवाळ्यात त्या गुऱ्हाळाचं मला नुसतं वेड लागलं होतं. घाण्यातून रसाची धार पडते आहे, मोठ्या काहिलीत तो रटरटतो आहे, खाली चुलवणात दगडू जळव्या वाळलेली चिपाडं एकेक कवळ सारतो आहे. रस पिळून झाल्यावर उसाचा जो चोथा उरतो तीच चिपाडं. ती उन्हात वाळवायची आणि तीच जाळायची. ऊस आपल्याच इंधनावर शिजतो, हे मला फार नवलाचं वाटे. संध्याकाळी तांब्या घेऊन गेलं की सुभेदार स्वतः काकवी घालायचे. दगडू मागून ओरडायचा, "वैनी, बोट घालू नगा, भाजंल!" आणि मी हमखास बोट घालायचेच.

दुसऱ्या हिवाळ्यात मला दिवस गेले होते. आणि त्या वर्षी मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला.

फार मोठा नव्हता तो. दोन-तीन दिवस रिपरिप. पण चिपाडांचे ढीग आतपर्यंत भिजले. उसाची तोड झालेली, तोडलेला ऊस थांबत नाही, त्याचा रस आटतो. शेतकरी गाड्या भरून दारात उभे. मग काय करणार, ओलीच चिपाडं चुलवणात जाऊ लागली. ओलं जळण नीट जळत नाही, ते धुमसतं. चिमणी बुटकी होती. तिच्यातून काळपट पिवळा, जाडजूड धूर निघायचा आणि वर न जाता आडवा व्हायचा. त्यातच संध्याकाळी रिकाम्या झालेल्या रानांतून उसाचा वाळका पाला, पाचट, पेटवायचे. सूर्य कलला की ते सगळं एकत्र होऊन गावावर गोधडीसारखं पसरे. सकाळी उठावं तर तशीच गोधडी अंगावर.

माझा दम पहिल्यांदा अडकला तो भाकऱ्या करताना. मला वाटलं, चुलीचा धूर असेल. मग अंगणात अडकला. मग नुसतं बसल्या जागी. ज्याला कधी दमा झाला नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. हवा समोर असते, नाकातोंडाशी असते, आणि आत येत नाही. श्वास सोडावा तर शिट्टी वाजते. छातीवर कुणी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटतं. मला स्वतःपेक्षा भीती वाटायची ती पोटातल्या जिवाची. तो माझ्याच श्वासावर होता. मला मिळेना, तर त्याला काय मिळत असेल? कधीकधी तो आत एकदम गप्प व्हायचा, आणि मी पोटावर हात ठेवून त्याच्या हलण्याची वाट बघत बसायचे.

शेजारणींनी ओवा दिला, आल्याचा रस दिला, कुणी दृष्ट काढली. शेवटी मास्तरांनी आरोग्य केंद्रातल्या सुलभाताईंना आणलं. त्या नर्स होत्या. घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. वडिलांनी तेव्हाच ठरवलं होतं, पोरगी शिकून नोकरी करणार. बाई रोखठोक. त्यांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "गोळीनं तात्पुरतं बरं वाटंल. पन रोज छप्पर गळतंय तवर फरशी पुसून उपेग काय? एक तर हिला माहेरी पाठवा, न्हाईतर तो धूर थांबवा."

"माहेरी इतक्यात?" मास्तर म्हणाले. "सातवाच चाललाय. गाडीरस्ता खराब."

"मग दुसरं करा," सुलभाताई म्हणाल्या आणि सायकलला टांग मारून गेल्या.

मास्तरांचा स्वभाव असा, की आधी समजून घेतल्याशिवाय ते कशाला हात लावायचे नाहीत. त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणल्या. त्यांना व्हॅसलिन फासलं. एक आमच्या खिडकीत ठेवली, एक गुऱ्हाळापाशी, एक नदीपलीकडच्या देवळाच्या टेकडीवर. आणि एक त्यांनी म्हसवडला जाणाऱ्या माझ्या भावाजवळ पत्र्याच्या डबीत घालून दिली. तो बिचारा ती आठवड्यानं परत घेऊन आला. त्याला वाटलं, भावजींचं डोकं फिरलंय.

मग एका रविवारी शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी त्या मला दाखवल्या. मी कधी असलं काही पाहिलं नव्हतं. टेकडीवरची काच जवळजवळ स्वच्छ. म्हसवडची काच तांबूस, तिच्यावर ओबडधोबड, कोपरे असलेले मातीचे कण, जणू बारके दगडच. आणि आमच्या खिडकीतल्या काचेवर काजळीचे काळे पुंजके, एकमेकांना चिकटलेले, अधूनमधून राखेच्या पांढुरक्या सळया. गुऱ्हाळाजवळची काच तर नुसती काळी.

"सारखी न्हाई की हवा," मी म्हटलं.

"नाहीच," मास्तर म्हणाले. "आपण म्हणतो, हवा सगळीकडे एकच. पण बघ ना. एवढ्याशा मुलखात चार ठिकाणी चार तऱ्हा. आणि प्रत्येक कणाचा स्वभाव वेगळा. उन्हात काळं कापड ठेव आणि पांढरं ठेव, कुठलं तापेल?"

"काळं."

"तसंच हे. काळा कण ऊन खातो, फिका कण ते परत फेकतो. जिथे हे जास्त, तिथलं ऊन वेगळं. ऊन वेगळं, तर वारा वेगळा."

मला तेव्हा वाऱ्याचं काय करायचं होतं? मी त्या काळ्या पुंजक्यांकडे बघत होते. हे माझ्या छातीत आहेत, एवढंच मला कळलं. आणि मास्तर सुभेदारांशी बोलायला अवघडताहेत हेही कळलं. घर त्यांचं, गुऱ्हाळ त्यांचं, गावाचा आधार तो. ते म्हणत होते, "उद्या बोलतो, नीट विषय काढतो." दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेल्यावर मीच उठले आणि गुऱ्हाळाकडे चालू लागले.

"या मास्तरीणबाई!" सुभेदारांनी लांबूनच हाक मारली. "तांब्या न्हाई आनला?"

"काकवी नको, आबा. एक इचारायचं हुतं."

"इचारा की."

"ह्यो धूर आमच्या घरात येतोय. मला दम लागतोय."

ते हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. "आवं, गुऱ्हाळ म्हनल्यावर धूर यायचाच. धूर दिसला म्हंजी लक्ष्मी आली. आमी समदी ह्याच धुरात वाढलो."

मला बरंच काही सांगायचं होतं. काचपट्ट्यांचं, सुलभाताई काय म्हणाल्या त्याचं. पण त्याच वेळी वारा फिरला आणि चिमणीतला धूर खाली मांडवात उतरला. माझा श्वास गेला. मी मांडवाच्या मेढीला धरलं. तोंड उघडं, डोळ्यांपुढं अंधार, आणि आवाज म्हणून नाही.

सुभेदार धावत आले. त्यांनी मला धुराबाहेर चिंचेखाली नेलं, पालथ्या बुट्टीवर बसवलं. "वाकून बस. हात गुडघ्यांवर ठेव. बोलू नगंस. आदी सोड, मग घे. सोड. हळू. आनखी सोड." त्यांचा आवाज लष्करी हुकमाचा होता. बऱ्याच वेळानं माझ्या छातीतली शिट्टी बारीक झाली. बघते तर सुभेदार माझ्यासमोर मातीत उकिडवे बसलेले. चेहरा पार उतरलेला.

"कवापासनं हाय हे?"

"पावसापासनं."

"आन आज सांगतीस व्हय, पोरी?"

मी रडायला लागले. ते गुऱ्हाळाकडे बघत बोलू लागले.

"बर्फात हुतो आमी. लय उंचावर. खंडाळ्याकडचा एक गडी हुता माझ्या तुकडीत, पैलवान मानूस. वर चढल्यावर त्याची छाती भरली. खाली न्यायला वाट न्हवती, बर्फानं बंद. त्यो असाच तंबूच्या खांबाला धरून बसला हुता, तोंड उघडं टाकून. पानी न्हाई मागितलं त्यानं, भाकरी न्हाई मागितली. नुसता माझ्याकडं बघत हुता. त्याला हवा पायजे हुती आन मला ती देता येईना." ते उठले, धोतराची माती झटकली. "हितं तर हवा हाय. मीच घालवाय लागलोय."

त्यांनी हाक मारली, "दगडू, काहिलीतलं एवढं आधण उतरलं की जाळ बंद."

दगडू चुलवणातून डोकं वर काढून म्हणाला, "आवं सुभेदार, भाईर गाड्या हुब्या हायेत!"

"दिसत्यात मला. जाळ बंद म्हनलं की बंद."

संध्याकाळी चिंचेखाली शेतकरी जमले. आमच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. एकजण चिडून म्हणाला, "एका बाईच्या दम्यापायी आमचा ऊस वाळवायचा व्हय?" त्याचंही खरं होतं. वर्षभराचं पीक होतं ते. मी आत बसून पदरानं तोंड पुसत होते, शरमेनं मेल्यासारखं झालं होतं.

सुभेदारांचा आवाज आला, "तुझा ऊस पयला गाळू. माझा समद्यात शेवटाला. वाळला तर माझा वाळू दे. मग तर झालं? आन बाई एक न्हाई, दोन जीव हायेत त्ये."



चुलवण थंड पडलं तेवढ्या दिवसांत अख्खी वस्ती कामाला लागली. बायकांनी ओली चिपाडं रानभर पातळ पसरली, उलटीपालटी केली. ज्यानं वाद घातला होता त्याचीच बायको सगळ्यांत पुढे होती. जाताना माझ्या दारातून डोकावून म्हणाली, "ह्यांचं मनावर घिऊ नगंस. मलाबी खोकला हाय की, पन म्या कुनाला सांगू?" मिस्त्री आणून सुभेदारांनी चिमणी उंच करून घेतली. मास्तर तिथे उभं राहून त्यांना समजावत होते, की थंडीत सकाळ-संध्याकाळ खालची हवा गार आणि वरची उबदार असते. मग वरची हवा झाकणासारखी बसते आणि धूर खालीच कोंडतो. ऊन वर आलं की झाकण निघतं. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजी जाळ ऊन आल्याव लावायचा आन दिस कलायच्या आत काढायचा, आसंच ना?" तेव्हापासून तसंच झालं. पाचटही दुपारीच पेटवायचं ठरलं. गुऱ्हाळ त्या वर्षी पार शिमगा होऊन गेला तरी चालू होतं. सुभेदारांचा ऊस खरंच शेवटी गाळला गेला. रस कमी उतरला. त्यांनी त्याचा एका शब्दानं उच्चार केला नाही.

आणि माझा श्वास परत आला. एकदम नाही आला, चोरपावलांनी आला. एक दिवस भाकऱ्या थापताना मी गुणगुणते आहे असं माझ्याच लक्षात आलं, आणि तवा तसाच टाकून मी मास्तरांना सांगायला पळाले.

त्या दुपारी आम्ही नदीच्या घाटावर बसलो होतो. उंच चिमणीतून धुराची बारीक रेघ सरळ वर जात होती आणि खूप उंचावर गेल्यावर वळून पश्चिमेकडे निघाली होती.

"कुठं जातोय ओ?" मी विचारलं.

"हिवाळ्यात वारा इकडून तिकडं असतो. सह्याद्री ओलांडेल. मग कोकण. मग समुद्र."

"आन समुद्रावर जाऊन काय करंल?"

मास्तरांना मुलांच्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असायची. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "ते मला माहीत नाही."

बाळंतपणाला मी म्हसवडला गेले. चैत्राचं ऊन, मोकळं रान, छाती भरून हवा. संध्याकाळी वडील ओट्यावर बसून आभाळाकडे बघायचे. आमच्या मुलखात माणसं आभाळाकडे जितकं बघतात तितकं देवाकडेही बघत नसतील. वळवाचे ढग यायचे, सावली द्यायचे आणि पुढे निघून जायचे. वडील म्हणायचे, "पाव्हना दारावरनं गेला." तिथे पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, की ज्या समुद्रावर आमचा धूर गेला, तिकडूनच तर माझ्या बापाचा पाऊस यायचा आहे. माझा श्वास मोकळा झाला, पण धूर संपला नव्हता, तो फक्त माझ्या दारातून उठून गेला होता.

पुढे मास्तर निवृत्तीला आले तेव्हा शास्त्रज्ञांनी हिवाळ्यात समुद्रावर पसरलेला असा धुराचा थर खरोखर पाहिला. गावोगावच्या चुली, शेतं, कारखाने, मोटारी, सगळ्यांचा मिळून. मास्तर ते वाचून दाखवायचे. काजळी ऊन शोषते, वरची हवा तापवते आणि खालचं पाणी, जमीन तेवढ्या उन्हाला मुकते. दुसरे फिके कण ऊन परतवून गारवा आणतात. ढगात बारीक कण फार झाले की पाण्याचे थेंब इतके लहान होतात की खाली पडतच नाहीत. आणि हे सगळं पृथ्वीवर सारखं पसरलेलं नाही. कुठे दाट, कुठे विरळ. म्हणून वारे सरकतात, पाऊस जागा बदलतो, एकाचा धूर दुसऱ्याच्या आभाळात जाऊन उभा राहतो. एका गुऱ्हाळानं माझ्या माहेरचा पाऊस चुकवला असं मी म्हणणार नाही, तसं मानणं वेडेपणाचं होईल. पण अशी किती गुऱ्हाळं, किती गावं, किती देश. वाचून झालं की मास्तर म्हणायचे, "घाटावर तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर यायला एवढी वर्षं लागली बघ."

त्याच चैत्रात म्हसवडला मला मुलगी झाली. जन्मली तीच मोठ्यानं रडत. सुईणीनं सांगितलं, छाती लय दांडगी हाय पोरीची. ते ऐकून मला जो आनंद झाला तो मी कुणाला समजावू शकले नाही. बारशाला सुभेदारांनी दगडूच्या हाती गुळाची ढेप पाठवली. सुलभाताईंनी टोपडं शिवून दिलं. मास्तर म्हसवडला आले तेव्हा पोरीला छातीशी धरून नुसते तिचा श्वास ऐकत बसले.

आता ही सगळी माणसं गेली. सुभेदार गेले, सुलभाताई गेल्या, मास्तरही गेल्या वर्षी गेले. मुलगी पाचगणीला एका शाळेत भूगोल शिकवते आणि फोनवर मला रोज विचारते, "आई, दम लागत नाही ना?" लागत नाही. त्या हिवाळ्यानंतर आयुष्यभर लागला नाही. मी इतके श्वास फुकट घेतले असं लोकांना वाटेल. तसं नाहीये. त्यांतला प्रत्येक कुणीतरी मला दिलेला आहे. कुणी आपला ऊस वाळू देऊन, कुणी रान तुडवत चिपाडं उलथून, कुणी सायकलवरून येऊन खडसावून. देवाचे आभार मी मानतेच, पण त्याच्या आधी ही नावं घेते.

त्या गावात आम्ही पुढे आणखी काही हिवाळे काढले. सुभेदारांनी एक रीत पाडली होती, ती ते शेवटपर्यंत पाळत राहिले. तिची सुरुवात झाली ती मुलगी रांगत होती त्या वर्षी. दिवाळी नुकतीच सरली होती. सकाळी दार वाजलं. उघडते तर सुभेदार, धुतलेला फेटा, पायांत वहाणा नाहीत. मागे दगडू.

"पोरी, गुऱ्हाळाची पूजा झाली," ते म्हणाले. "जाळ लावायचा हाय. लावू का?"

जमीन त्यांची, ऊस त्यांचा, ज्या दारात मी उभी होते ते दारही त्यांचंच. दगडू खाली मान घालून उभा होता. सुभेदार मात्र चेष्टा करत नव्हते. ते खरोखर विचारत होते आणि उत्तराची वाट बघत होते. मी अंगणात आले. चिंचेच्या मागे अजून गारठा होता, रानावर धुकं बसलेलं होतं.

मी म्हटलं, "जरा ऊन वर येऊ द्या, आबा. मग लावा."

"बरं," सुभेदार म्हणाले, आणि आमच्या पायरीवर ऊन यायची वाट बघत बसले.